स्टेरॉइड : कशासाठी, किती आणि कुठवर?



संयोजकांनी मला 'संधिवात' हा विषय दिला होता. तो एका संध्याकाळी आवरणारा नाही, म्हणून मी त्यांच्याकडे एकाच औषधावर बोलण्याची परवानगी मागितली. सांधेदुखीच्या कोणत्याही दवाखान्यात तासभर बसलात तर दोन तऱ्हेचे रुग्ण हमखास भेटतील. एक जण खुर्चीत बसायच्या आधीच म्हणतो, "डॉक्टर, काहीही द्या, पण स्टेरॉइड नको." दुसऱ्या येतात त्या बाईंचा चेहरा गोल झालेला असतो, हातावर नुसत्या धक्क्याने निळे डाग उमटलेले असतात आणि पिशवीत कागदाच्या पुड्या असतात. "याने फार बरं वाटतं" एवढंच त्यांना माहीत असतं. पहिला माणूस ज्याला घाबरतो, तेच या बाई कित्येक वर्षं नाव न कळता खात आलेल्या असतात. स्टेरॉइडमुळे मी पाहिलेलं बहुतेक नुकसान या दोन टोकांवरच झालेलं आहे.

हे औषध आलं कुठून, ते आधी पाहू. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर नावाचं गाव आहे. तिथल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाचे डॉक्टर होते. १९२९ साली आमवाताच्या, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या एका रुग्णाला कावीळ झाली आणि त्या काळात त्याचे सांधे मोकळे झाले. त्या काळी हा आजार कधी मागे हटत नाही असंच मानलं जायचं. पुढे हेंच यांना दिसलं की गरोदरपणातही अनेक बायकांचा आमवात शांत होतो. म्हणजे या दुखण्याला आवर घालणारं काहीतरी शरीर स्वतःच तयार करत असणार, असा त्यांनी तर्क बांधला आणि जवळजवळ वीस वर्षं तो सोडला नाही. त्याच संस्थेत एडवर्ड केंडॉल हे रसायनशास्त्रज्ञ मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथींतली द्रव्यं वेगळी करत होते. त्यांतलं एक 'कंपाउंड ई', म्हणजे पुढे कॉर्टिझोन म्हणून ओळखलं गेलेलं स्टेरॉइड. पुढे गुरांच्या पित्तापासून ते बनवण्याची लांबलचक प्रक्रिया लुईस सॅरेट यांनी मर्क कंपनीत जमवली, तेव्हा कुठे माणसाला देता येईल इतकं औषध हाती आलं.

२१ सप्टेंबर १९४८ रोजी आमवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला रोज १०० मिलिग्रॅमप्रमाणे त्याची इंजेक्शनं सुरू झाली. जिला कूस बदलणं अवघड होतं, ती आठवड्याभरात गावात खरेदीला गेली. हेंच यांनी रुग्णांचं आधीचं आणि नंतरचं चालणं चित्रफितीवर घेतलं होतं. १९५० सालचं नोबेल पारितोषिक हेंच, केंडॉल आणि बाझलचे तादेउश राइखश्टाइन यांना मिळालं. औषध थांबवलं की आजार परत येतो आणि मात्रा चढली की चेहरा, मन, रक्तदाब सगळं बिघडतं, हेही या मंडळींना लवकरच दिसलं होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही. त्या १०० मिलिग्रॅम कॉर्टिझोनचा आजच्या भाषेत हिशोब केला तर ते सुमारे २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, म्हणजे आजची नेहमीची स्टेरॉइडची गोळी, होतं. आमवातासाठी एवढी मात्रा महिनोन् महिने देण्याचं आज कुणी शहाणा डॉक्टर मनातही आणणार नाही. तेव्हा मात्र जगभर तसंच दिलं गेलं. १९५४ साली ब्रिटनमध्ये सुरुवातीच्या आमवातात कॉर्टिझोन आणि ॲस्पिरिन यांच्या वर्षभराच्या तुलनेचा निकाल प्रसिद्ध झाला, तर दोहोंत फारसा फरक निघाला नाही. अवघ्या सहा वर्षांत चमत्काराचं औषध निराशेचं औषध झालं. आपल्या आजच्या भीतीचं मूळ बरंचसं त्या दशकात आहे.

स्टेरॉइडचा फायदा आणि तोटा एकाच वाटेने येतात. हे द्रव्य पेशीत शिरतं, तिथल्या ग्राहकाला, म्हणजे रिसेप्टरला, चिकटतं, पेशीच्या केंद्रकात जातं आणि सूज पेटवणारी प्रथिनं तयार करण्याचे हुकूम दाबून टाकतं. तोच ग्राहक हाडात आहे, यकृतात आहे, डोळ्यात आहे, त्वचेत आहे. सांध्यातली सूज शमवणारी गोळी हाडाची बांधणी मंदावते आणि यकृताला जास्त साखर सोडायला लावते. फक्त चांगलं करणारं स्टेरॉइड शोधायचे प्रयत्न अनेक झाले, पण तसं औषध आजही आपल्या हातात नाही. आपल्या हातात आहेत ती मात्रा आणि मुदत.

आता जे "स्टेरॉइड नको" म्हणतात त्यांच्यासाठी. समजा, साठीच्या पुढच्या माणसाला नव्यानेच डोकेदुखी सुरू झाली, केस विंचरताना टाळू दुखते, घास चावताना जबडा भरून येतो. हा कानशिलाजवळच्या रोहिणीचा दाह असू शकतो. त्यात दृष्टी एका रात्रीत जाते आणि गेलेली सहसा परत येत नाही. इथे तपासण्यांचे निकाल येईपर्यंतही थांबायचं नसतं, त्याच दिवशी मोठ्या मात्रेत स्टेरॉइड सुरू करायचं असतं. ल्युपस या आजाराने तरुण मुलीच्या मूत्रपिंडावर हल्ला केला असेल, तर तीन दिवस शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन दिल्याने ते मूत्रपिंड वाचू शकतं. स्नायूंचा दाह, रक्तवाहिन्यांचे दाह, आपल्याकडच्या तरुण स्त्रियांत दिसणारा ताकायासूचा आजार, या सगळ्यांत पहिला आधार हाच. ल्युपसच्या मुली शेजारणीच्या सांगण्यावरून गोळ्या बंद करतात आणि डायलिसिसच्या दारात येतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. शेजारणीचा हेतू चांगला असतो, म्हणून तिला रागावताही येत नाही.

पॉलिमायाल्जिया रुमॅटिका हे नाव अवघड आहे, पण आजार ओळखण्यासारखा आहे. कालपर्यंत फिरायला जाणारे आजोबा महिन्याभरात असे आखडतात की सदरा अंगात घालायला दुसरं कुणी लागतं. सकाळी खांदे आणि मांड्या हलत नाहीत. घरचे म्हणतात, वय झालं. रोज १५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन दिलं की बहुतेकांना काही दिवसांतच बरं वाटू लागतं, इतकं की डॉक्टरांचं निदान त्यावरून पक्कं होतं. मग ते वर्ष-दीड वर्षात हळूहळू उतरवायचं.

आता आमवात. पुण्याजवळच्या भिगवणमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगाने १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. तिथे आमवाताचं प्रमाण साधारण दर दोनशे माणसांत एक निघालं. आपल्या प्रत्येक गावात हे रुग्ण आहेत आणि त्यांत बायका जास्त आहेत. या आजारात मुख्य औषध मेथोट्रेक्सेट आणि त्याच्या जातीची इतर औषधं. त्यांचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर बाईंनी भाकरी कशी थापायची, नळ कसा उघडायचा? एवढ्या काळापुरतं थोडं स्टेरॉइड द्यावं, मुख्य औषधाचा जम बसला की कमी करत बंद करावं, हा आजचा रूढ मार्ग आहे. १९९५ साली ब्रिटनमधल्या किर्वान यांच्या गटाने दाखवलं की रोज साडेसात मिलिग्रॅमने सांध्याच्या हाडांची झीजही मंदावते, म्हणजे हे नुसतं वेदनाशमन नाही. पण कमी मात्रा म्हणजे निर्धोक मात्रा नव्हे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्लोरिया या अभ्यासात पासष्टीपुढच्या आमवाताच्या रुग्णांना दोन वर्षं रोज फक्त ५ मिलिग्रॅम दिलं होतं. आजार आणि सांध्यांची झीज दोन्ही कमी झाले. मात्र औषध घेणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांना काही ना काही लक्षणीय त्रास झाला, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ४९ टक्के होतं. वाढलेला त्रास मुख्यतः जंतुसंसर्गाचा होता.

ओघात एक सांगतो. संधिवातात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ते चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. घरी गोळ्यांचा डबा भरणाऱ्याने हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावं.

आणि समोर बसलेल्यांपैकी अनेकांचं दुखणं आहे ती वयोमानाने होणारी गुडघ्याची झीज. तिच्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्यांची जागा नाही, अगदी नाही. सुजलेल्या गुडघ्यात एखादं इंजेक्शन दिल्याने काही आठवडे आराम मिळतो, पण ती वेगळी गोष्ट.

तोट्यांची यादी लांब आहे, मी मला जास्त भिववणाऱ्यांवर थांबतो. हाडांचं सर्वांत जास्त नुकसान पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होतं. "पुढे बघू" म्हणत बसलो की मणका दबलेला असतो. तीन महिन्यांहून जास्त गोळ्या लागणार असतील तर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पहिल्या दिवसापासून हवं, आणि हाड मजबूत करणाऱ्या औषधाचा विचारही तेव्हाच हवा. मोठ्या मात्रेने खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तिशीतल्या माणसाचा खुबा बदलावा लागतो. साखर वाढते ती बहुधा दुपारी जेवणानंतर. सकाळी उपाशीपोटी तपासलेलं रक्त अशा वेळी खोटा दिलासा देतं. मोतीबिंदू लवकर येतो, डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. झोप उडते, काहींचं मन इतकं उसळतं की घरच्यांना माणूस ओळखू येत नाही. त्यांना हे आधी सांगितलेलं असावं.

आपल्या देशात आणखी एक धोका आहे, तो क्षयाचा. अनेकांच्या शरीरात क्षयाचे जंतू वर्षानुवर्षं निपचित असतात. स्टेरॉइड त्यांना मोकळं करतं आणि वर तापही दाबून ठेवतं, त्यामुळे रोग पसरला तरी लक्षणं बोलत नाहीत. २०२१ साली करोनाच्या लाटेत महाराष्ट्राने काळ्या बुरशीचं थैमान पाहिलं. ज्यांना प्राणवायू लागत होता त्यांचे प्राण डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने वाचत होते, हे २०२० सालच्या रिकव्हरी अभ्यासातून सिद्ध झालं होतं. तिथे मात्रा होती रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस, आणि प्राणवायू न लागणाऱ्यांना काही फायदा दिसला नव्हता. तरीही गरज नसलेल्यांना, जास्त मात्रेत, जास्त दिवस, साखर न तपासता ते दिलं गेलं, आणि त्या बुरशीपायी अनेकांनी डोळा किंवा जबडा गमावला.

आता त्या पुड्यांकडे येतो. सांधेदुखीवर "जडीबुटी" म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. काही ठिकाणी डेक्सामेथासोनची गोळी किंवा इंजेक्शन नाव न सांगता दिलं जातं. दोन दिवसांत बरं वाटतं, गावभर नाव होतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ही औषधं विकायला कायद्याने बंदी आहे, पण कितीतरी दुकानांत ती सहज मिळतात. माझा आक्षेप कोणत्याही वैद्यकपद्धतीला नाही. आक्षेप आहे तो माणसाच्या पोटात जाणारं औषध त्याच्यापासून लपवण्याला. मात्रा आणि मुदत हेच ज्या औषधाचे लगाम, त्याचं नावच लपवलं की लगाम कुणाच्याच हातात राहत नाही.

या लपवालपवीचा सर्वांत मोठा धोका औषध थांबवताना कळतो. आपली ॲड्रिनल ग्रंथी रोज पहाटे स्वतःचं स्टेरॉइड सोडते. म्हणून प्रेडनिसोलोनची गोळीही सहसा सकाळी न्याहारीनंतर एकदाच देतात. रोज बाहेरून डबा येऊ लागला की घरची चूल थंड पडते, तसं तीनेक आठवड्यांहून जास्त काळ गोळ्या घेतल्यावर ती ग्रंथी काम मंदावते, आणि पुन्हा सुरू व्हायला तिला कधीकधी कित्येक महिने लागतात. अशा माणसाने गोळी एकदम सोडली, किंवा त्याला मोठा ताप, उलट्या, अपघात, शस्त्रक्रिया यांना तोंड द्यावं लागलं, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. अशा वेळी मात्रा तात्पुरती वाढवायची असते. गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन लागतं. म्हणून गोळीचं नाव, मात्रा आणि सुरू केल्याची तारीख लिहिलेला कागद खिशात किंवा पर्समध्ये कायम ठेवा, आणि दात काढायला गेलात तरी दाखवा. ज्या डॉक्टरांनी लिहून दिलं त्यांना पहिल्याच भेटीत विचारा, हे कशासाठी, किती आणि कुठवर? हा प्रश्न ऐकून आम्ही रागावलो, तरी तो विचारा.

तुमच्या घरात कुणी अशा पुड्या घेत असेल, तर माझं बोलणं ऐकून आज रात्री त्या फेकून देऊ नका. चेहरा सुजलेला असेल, पुडी चुकली की अंगात त्राण राहत नसेल, तर आत स्टेरॉइड असण्याची शक्यता मोठी आहे, आणि ते अचानक बंद करणं हे घेत राहण्याइतकंच घातक ठरू शकतं. उरलेल्या पुड्या घेऊन जवळच्या एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टरांकडे, नाहीतर सरकारी रुग्णालयात जा. किती वर्षं घेतो आहोत ते न लाजता खरं सांगा. तिथून पुढे ते औषध कसं उतरवायचं, हे काम आम्हा डॉक्टरांचं आहे.