मेंदूच्या इजेतून सावरणाऱ्या मुलांची झोप



झाडावरून पडून, वाहनाच्या अपघातात किंवा मेंदूज्वराने मेंदूस इजा झालेले मूल काही आठवड्यांनी शाळेत परत येते. जखम भरलेली असते, चालणेबोलणे पूर्ववत दिसते. परंतु दुसऱ्या तासालाच त्याची मान लवू लागते आणि वर्ग त्यास आळशी ठरवितो. हा शब्द आपण तरी उच्चारू नये. त्याची रात्र कशी गेली, हे प्रथम विचारावे.

झोप आणि जाग यांचे नियमन मेंदूच करतो. अंधार पडला की मेंदूतील पिनियल ग्रंथीतून मेलॅटोनिन नावाचे द्रव्य रक्तात मिसळते व शरीरास रात्रीची वर्दी मिळते. प्रखर उजेडात ते कमी होते. मेंदूस मार बसल्यावर ही घडी विस्कटू शकते. त्यात डोकेदुखी, अपघाताची धास्ती, कधी फेफऱ्यावरील औषधाची गुंगी यांची भर पडते. दिवसा शिकलेले स्मरणात पक्के होण्यास झोपेचे साहाय्य लागते. तेव्हा अशा मुलाचा पाठ रात्री बिघडतो आणि शिक्षा मात्र त्यास दिवसा होते.

उपचाराचा आरंभ गोळीने होत नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलास दिवसरात्र मिळून ९ ते १२ तास झोप हवी. निजण्याची व विशेषतः उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच असावी. सकाळचे ऊन अंगावर यावे. निजण्यापूर्वी तासभर मोबाईल दूर असावा. सायंकाळचा चहा बंद करावा. आपल्याकडे पोरांच्या हाती कप देण्यात कोणास काही वावगे वाटत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतो. दुपारी थोडी विश्रांती अवश्य द्यावी, परंतु दिवेलागणीपर्यंत लांबलेली निद्रा रात्रीची झोप खाते. एवढ्याने न भागल्यास डॉक्टर मेलॅटोनिन देण्याचा विचार करतात. घरातील वडीलधाऱ्यांची झोपेची गोळी मुलास कदापि देऊ नये. मूल घोरत असेल वा झोपेत श्वास अडखळत असेल, तर ते डॉक्टरांस अवश्य सांगावे.

शाळेत काय करावे? आरंभी अर्धा दिवस बोलवावे, गणित सकाळी घ्यावे, गृहपाठ कमी द्यावा. एकशिक्षकी शाळेत हे कसे जमावे, असे कोणी विचारील. भिंतीलगत एक चटई आणि पंधरा मिनिटांची मुभा, एवढे तेथेही जमते. मूल कोणत्या तासाला पेंगले, डोके केव्हा दुखले, याची वहीत नोंद ठेवावी. पालकांनी ती डॉक्टरांस दाखवावी. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत आल्यास त्यासही दाखवावी.

मार लागलेल्यास झोपूच देऊ नये, ही समजूत गावोगाव आहे. डॉक्टरांनी तपासून हरकत नाही म्हटल्यावर झोप अपायकारक नसते. मात्र मूल हाका मारूनही नीट जागे होत नसेल, वारंवार ओकत असेल, झटके येत असतील किंवा डोकेदुखी वाढत असेल, तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.