विद्येच्या दारांत दलाल नको
(शेतकरी-कारागीर पालकांच्या सभेंतील भाषण)



बारावीचा व सीईटीचा निकाल लागला कीं गांवोगांव एक नवी जात अवतरते. हातांत रंगीत माहितीपत्रक, तोंडांत साखर. "मुलाची जागा पक्की करून देतों, आजच विसार द्या," असें म्हणत ती आपल्या ओसरीवर बसते. हा कॉलेजांचा दलाल. जोतीरावांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापिला, तो देव व माणूस यांमध्यें मध्यस्थ नको म्हणून. लग्नांतला मध्यस्थ आम्हीं घालविला आणि प्रवेशांतल्या मध्यस्थाला चहा पाजतों, हा कोठला शहाणपणा?

दलालाचें बळ आपल्या अज्ञानांत आहे. म्हणून रीत समजून घेऊं. इंजिनियरिंगचें उदाहरण घ्या. राज्याचा सीईटी कक्ष प्रवेशाच्या फेऱ्या चालवितो. कॉलेजांची यादी आपण पसंतीच्या क्रमानें भरावयाची. संगणक मुलाचा गुणवत्ता क्रमांक पाहतो, यादी वरून खालीं वाचीत जातो आणि जेथें जागा निघते तेथें थांबतो. अवघड कॉलेज वर लिहिलें म्हणून खालचें हातचें जात नाहीं. तरी पुष्कळ घरीं भीतीपोटीं साधें कॉलेज वर व चांगलें खालीं लिहितात. मग वरचें साधेंच मिळतें. चांगल्यापर्यंत संगणक पोहोंचतच नाहीं. शिवाय पहिल्या फेरींत पहिल्याच पसंतीचें कॉलेज लागलें तर तें कायम होतें. पुढील फेऱ्यांत बदल मिळत नाहीं. म्हणून पहिल्या ओळींत तेंच लिहा, जें मनापासून हवें आहे.

आतां पैशाची गोष्ट. जुलै २०२४ च्या निर्णयाप्रमाणें, ज्या घरचें वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, अशा इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल वर्गांतील मुलींची व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण फी व परीक्षा फी शासन पूर्ण भरतें. पात्र मुलांनाही शिक्षण फींत निम्मी सवलत आहे. पण ही सवलत सरकारी फेऱ्यांतून प्रवेश घेणारांनाच. व्यवस्थापनाच्या कोट्यांतून गेलां, अगर खाजगी किंवा अभिमत विद्यापीठांत गेलां, तर ती नाहीं. दलाल जी जागा "पक्की" करून देतो ती बहुधा याच कोट्यांतली असते. म्हणजे विसार त्याला, भारी फी संस्थेला, आणि सवलत पाण्यांत! देणगी घेण्यास तर १९८७ च्या कायद्यानेंच बंदी आहे. खाजगी व्यावसायिक कॉलेजांची फी २०१५ च्या कायद्याखालील शुल्क नियामक प्राधिकरण ठरवितें. ती पाहावी, आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मागावी.

कॉलेज पारखावें कसें? बैल घेतांना आपण दांत पाहतों, चालवून पाहतों. नुसत्या झुलीवर भुलत नाहीं. तसेंच येथें करावें. कामाच्या दिवशीं भर दुपारीं कॉलेजांत जावें. प्रयोगशाळा उघडी आहे काय, यंत्रांवर मुलांचे हात चालतात कीं धूळ बसली आहे, तें पाहावें. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावें: तास होतात काय? नोकऱ्या कोणाला व कोठें लागल्या? नॅकचा दर्जा साऱ्या संस्थेचा असतो, एनबीएची मान्यता शाखेगणिक असते. आपल्या शाखेला ती आहे काय, हें विचारावें.

आणि वसतिगृह विसरूं नका. शाहू छत्रपतींनीं १९०१ सालापासून कोल्हापुरांत वसतिगृहें उभीं केलीं. खेड्यांतल्या पोराला शहरांत पाठ टेकावयास जागा नसेल तर कॉलेजाचें उघडें दारही त्याला बंदच, हें त्या राजानें ओळखलें होतें. म्हणून फी, खोली, खाणावळ व एस. टी. यांचा चारही वर्षांचा हिशेब एका कागदावर मांडा. जेथें शिकवण चांगली आणि हा हिशेब वावर गहाण न टाकतां बसतो, तें कॉलेज वर लिहा. कुंभाराच्या, सुताराच्या घरीं चाक व करवत विकून मिळविलेली पदवी घरालाच महाग पडते.

यादी मुलानें किंवा मुलीनें घरीं बसून, आईबापांच्या देखत, स्वतःच्या हातानें भरावी. पासवर्ड व ओटीपी परक्याला देऊं नये. ज्याच्या हातीं तो, त्याच्या हातीं पसंतीक्रम. अडलें तर सरकारी सुविधा केंद्रांत जाऊन विचारावें. विचारण्यांत कमीपणा नाहीं. न विचारतां सही करण्यांत मात्र आहे, आणि तिची किंमत आपल्या घरानें पिढ्यान् पिढ्या मोजली आहे.