यंत्राची लेखणी आणि विक्रेत्याचा शब्द

(लघुव्यवसायांच्या प्रसिद्धीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर या विषयावरील भाषण)



१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या भूमीवर नवी मुंबई आकारास येऊ लागली. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर निर्वाह करणाऱ्या आगरी-कोळी कुटुंबांचे जीवन त्यामुळे आमूलाग्र बदलले. त्यांतील अनेकांनी पुढे सुकी मासळी, घरगुती मसाले, तांदळाच्या भाकरी असे छोटे व्यवसाय उभे केले. शहर वाढले, तसे गिऱ्हाईकही वाढले; परंतु वाशी-नेरूळच्या इमारतींत राहणारे हे गिऱ्हाईक मल्याळी, गुजराती, तमिळ, पंजाबी अशा नाना भाषा बोलणारे. माल उत्तम असूनही त्याची महती सांगावयास शब्द अपुरे पडावेत, अशी ही स्थिती होय.

पूर्वी बाजारातील आरोळी हीच जाहिरात असे. आता ती भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून द्यावी लागते. नुसते 'घ्या, घ्या' म्हणून भागत नाही. सोडे कसे भिजवावेत, जवळा कसा निवडावा, आगोटीसाठी भरलेली मासळी पावसाळ्यात कशी टिकवावी, अशी उपयुक्त माहिती देणारा विक्रेता ग्राहकाचा विश्वास संपादन करतो. मोठ्या कंपन्या या कामासाठी लेखक आणि चित्रकार नेमतात. दिवाळे गावातील मासळीविक्रेतीने ते कोठून आणावेत?

या ठिकाणी कृत्रिम बुद्धिमत्ता साहाय्यास येते. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' सर्वांसाठी खुले झाले आणि तशी अन्य साधनेही पाठोपाठ आली. केंद्र शासनाचा 'भाषिणी' हा भारतीय भाषांतील अनुवादाचा उपक्रम जुलै २०२२ मध्ये सुरू झाला. विक्रेतीने आपल्या बोलीत चार वाक्ये सांगावीत आणि त्यांचा मसुदा हिंदीत, गुजरातीत वा तमिळमध्ये क्षणार्धात हाती पडावा, ही सोय सामान्य नव्हे.

तथापि, हे यंत्र कसे चालते हे जाणून घेणे अगत्याचे आहे. अफाट मजकुराच्या अभ्यासावरून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचा अंदाज ते बांधते. त्याने मासळी पाहिलेली नाही, तिचा वास घेतलेला नाही. बोंबलास इंग्रजीत 'बॉम्बे डक' म्हणतात. तेव्हा चित्र मागितल्यास पडद्यावर बदक अवतरण्याचाही संभव असतो! हा प्रमाद हसण्यावारी नेता येईल. सर्वच प्रमाद तसे नसतात.

वाशीच्या फळबाजाराचे उदाहरण घ्यावे. तेथे कोकणातील आंबा येतो, तसाच कर्नाटकातीलही येतो. हापूसला २०१८ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतील फळापुरते आहे. एखाद्या विक्रेत्याने यंत्रास केवळ 'हापूसची जाहिरात लिही' असे सांगितले, तर 'अस्सल देवगड, नैसर्गिकरीत्या पिकविलेला' असे गोंडस शब्द ते सहज लिहून देईल. पेटीतला आंबा कोठला, तो कसा पिकविला, हे त्यास ठाऊक नसते. ते ठाऊक असते विक्रेत्याला. म्हणून उत्तरदायित्वही त्याचेच. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि 'यंत्राने लिहिले' ही सबब ग्राहकाचे समाधान करणारी नाही. दंड एक वेळ भरता येईल. उडालेला विश्वास परत आणणे मात्र कठीण.

यास्तव काही पथ्ये पाळणे हितावह ठरेल. पहिले, मालाचे मूळ ठिकाण, वजन, किंमत, तयार केल्याची तारीख आणि अन्न नोंदणी क्रमांक ही माहिती विक्रेत्याने स्वतः लिहून काढावी आणि तीच यंत्रास द्यावी. दुसरे, यंत्राने स्वतःहून घातलेले प्रत्येक विशेषण तपासावे. जे सिद्ध करता येत नाही, ते खोडावे. 'मधुमेह बरा होतो' यासारखे दावे तर मुळीच ठेवू नयेत. तिसरे, छायाचित्र खऱ्याच मालाचे असावे. चौथे, ग्राहकांची नावे व दूरध्वनी क्रमांक यंत्राच्या स्वाधीन करू नयेत. पाचवे, अनुवाद ती भाषा जाणणाऱ्या शेजाऱ्याकडून वाचवून घ्यावा. नवी मुंबईत असा शेजारी शोधण्यास दूर जावे लागत नाही.

या कार्यात शिक्षक, पंचायत सदस्य आणि अधिकारी यांना मोठा वाव आहे. पनवेल-उरणच्या गावांतील शाळेत एखाद्या सायंकाळी बचत गटाच्या भगिनींना एकत्र करून, त्यांच्याच मालाचा मजकूर त्यांच्यासमोर तयार करून दाखवावा आणि त्यातील चुका त्यांनाच शोधावयास लावाव्यात. त्या चुका त्या अचूक शोधतील, कारण मालाचे ज्ञान त्यांचे आहे. आपल्या बोलीतले वाकटी, करंदी, जवळा हे शब्दही त्यांनी मजकुरात आग्रहाने राखावेत. ग्राहकाला माल ओळखू येतो तो त्याच्या नावानेच.

जमीन गेल्यानंतर या कुटुंबांनी जे उभे केले, ते कष्टावर आणि दिलेल्या शब्दावर. यंत्राची लेखणी त्यांनी जरूर हाती घ्यावी. शब्द मात्र स्वतःचाच ठेवावा.