आधी पेशंटला विचारा

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण. जागेअभावी थोडं संक्षिप्त केलं आहे. – संपादक)



मला या मेळाव्याचं बोलावणं आलं तेव्हा मी सेक्रेटरींना म्हटलं, मी डॉक्टर नाही, नर्स नाही, समाजसेविकाही नाही. इंग्लंडमध्ये एका शाळेच्या ऑफिसात ३० वर्षं काम करून निवृत्त झालेली बाई आहे. ते म्हणाले, "मग कोण म्हणून बोलाल?" मी म्हटलं, "पेशंट म्हणून." ते हसले. पण आज मी खरोखर त्याच नात्याने उभी आहे.

त्याला कारण आहे. आपल्या संस्थेचे सातपुड्यातले दोन छोटे दवाखाने एकत्र करावेत आणि डांबरी रस्त्यालगत एकच मोठा दवाखाना चालवावा, असा विचार सुरू आहे. डॉक्टर मिळत नाहीत, नर्स टिकत नाहीत, दोन ठिकाणचा खर्च झेपत नाही, ही कार्यकारिणीने सांगितलेली कारणं खरी आहेत. मी ती वाचली आणि चकित झाले. काही वर्षांपूर्वी आमच्या तिकडच्या गावात पत्र आलं होतं, त्यातही हीच कारणं होती.

तिकडे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्याला 'सर्जरी' म्हणतात. लग्न होऊन गेले तेव्हा एकदा फोनवर सासूबाईंना म्हटलं, "सर्जरीला जाऊन आले." माऊलीने घाबरून त्या दिवशी उपास करून प्रार्थना केली. सर्दीचं औषध आणायला गेले होते हे नंतर कळल्यावर रागावल्यासुद्धा!

तर तिथली व्यवस्था थोडक्यात सांगते. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे एनएचएस, ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. डॉक्टरांना दाखवायला पैसे पडत नाहीत. प्रत्येकाने आपल्या भागातल्या एका दवाखान्यात नाव नोंदवायचं. हे दवाखाने चालवणारे डॉक्टर बहुधा सरकारी नोकर नसतात. दोन-चार डॉक्टर भागीदारीत दवाखाना चालवतात, एनएचएसशी करार करतात आणि मुख्यतः यादीवर किती पेशंट आहेत त्या हिशोबाने त्यांना पैसे मिळतात. जुने भागीदार निवृत्त झाले आणि नवीन कुणी पुढे आलं नाही, की दवाखाना डगमगतो. मग तो शेजारच्या मोठ्या दवाखान्यात विलीन होतो. दोन करारांचा एक करार, दोन याद्यांची एक यादी. इंग्लंडमध्ये हे अनेक ठिकाणी घडलं आहे.

आमच्या दारात ते पत्र एका हिवाळ्यात पडलं. आमचा छोटा दवाखाना मोठ्यात विलीन होणार होता. आमची इमारत चालू राहील की नाही, याबद्दल पत्रात गोल-गोल भाषा होती.

तिथे प्रत्येक दवाखान्याला पेशंटांचा एक गट ठेवावा लागतो. असे पहिले गट १९७२ च्या सुमारास काही डॉक्टरांनी आपणहून सुरू केले. एप्रिल २०१५ पासून इंग्लंडमध्ये ती अट दवाखान्याच्या करारातच आली. नाव भारदस्त आहे, पेशंट पार्टिसिपेशन ग्रुप. आमच्याकडे प्रत्यक्षात सहा-सात वयस्कर माणसं, चहा-बिस्किटं आणि गाड्या लावायच्या जागेवरून वाद, एवढंच होतं. मीही केवळ एका मैत्रिणीच्या आग्रहाने जात होते.

पत्र आल्यावरच्या बैठकीला मी तावातावाने गेले. "आम्हाला हे विलीनीकरण नको," असं मी सुनावलं, आणि टाळ्याही पडल्या. मग मॅनेजरबाईंनी हिशोबाचे कागद टेबलावर ठेवले. मोठ्या डॉक्टरांचं निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं. जाहिरात दोनदा दिली, एकही अर्ज आला नाही. तरुण डॉक्टरीणबाई दोघांचं काम एकटीने ओढत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "हे झालं नाही तर दवाखानाच बंद होईल. मग तुम्हाला विचारायलाही इथे कुणी नसेल."

मी खाली बसले. त्या दिवशी आम्ही आमचा प्रश्न बदलला. "होऊ द्यायचं की नाही?" हा सोडला आणि "कसं करायचं?" हा धरला. आणि मॅनेजरबाईंना एकच अट घातली. आराखडा पक्का करून आमच्या सहीसाठी आणायचा नाही, कच्चा असतानाच दाखवायचा. त्यांनी शब्द पाळला.

कच्च्या आराखड्यात रक्ततपासणीच्या वेळा सकाळी आठ ते साडेनऊ, मोठ्या इमारतीत, अशा होत्या. कागदावर उत्तम. पण इंग्लंडमध्ये पेन्शनरांना जो बसचा मोफत पास मिळतो, तो सोमवार ते शुक्रवार साधारणपणे सकाळी साडेनऊनंतर चालतो. म्हणजे ज्यांना रक्त तपासून घ्यायची सर्वांत जास्त गरज, त्यांनी पदरचं तिकीट काढून, थंडीत, गर्दीच्या बसमधून यायचं. नाहीतर यायचंच नाही. हे कुणी मुद्दाम केलं नव्हतं. आराखडा करणारे सगळे मोटारीने येणारे होते, एवढंच. आमच्या गटातल्या ७८ वर्षांच्या आजोबांनी खिशातून पास काढून टेबलावर ठेवला आणि वेळ वाचून दाखवली. पाच मिनिटांत वयस्करांच्या वेळा दहानंतर गेल्या.

माझ्या मनात तेव्हा पक्कं बसलं, की डॉक्टरांना रोग कळतो, आणि दवाखान्यापर्यंतची वाट पेशंटला कळते. दोघं एका टेबलाशी बसले तरच दवाखाना नीट चालतो.

पण माझी एक चूकही सांगते. त्या टेबलाशी मी एकटीच भारतीय होते, आणि आपल्या सगळ्या लोकांच्या वतीने आपण बोलतो असं मला वाटायचं. आमच्या गल्लीत एक गुजराती आजी राहतात. सगळे त्यांना बा म्हणतात. एकदा रस्त्यात मला थांबवून मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनी विचारलं, "काउंटरवाली लडकी रहेगी क्या?" ती मुलगी गुजराती बोलणारी. बा आपली दुखणी तिच्यामार्फत सांगायच्या. ती गेली तर नातवाला बरोबर न्यावं लागणार, आणि बायकांची दुखणी नातवासमोर कशी सांगायची? एनएचएसकडून दुभाषी मोफत मिळतो, पण तो आधी सांगून ठेवावा लागतो. बांना ते माहीतच नव्हतं. आणि नव्या आराखड्यात त्या मुलीची बदली आतल्या फोनच्या खोलीत होती. मी तो आराखडा दोनदा वाचला होता. माझ्या लक्षात आलं नाही, कारण मला इंग्रजी येतं.

त्यानंतर बैठकीत बसून राहण्याचं आम्ही सोडलं. फ्लूची लस देण्याच्या शनिवारी आम्ही रांगेतल्या लोकांशी बोललो. चर्चमध्ये वयस्करांचं जेवण असतं तिथे गेलो, देवळात गेलो, गुरुद्वारात गेलो. लांबलचक फॉर्म नाही. एकच प्रश्न: "यातलं काय गेलं तर तुमचं अडेल?"

सर्वांत जास्त उत्तर आलं, "माझे डॉक्टर." इमारत नव्हे, ओळखीचा माणूस. आम्हाला वाटलं ही नुसती माया आहे. पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की नॉर्वेमध्ये २०२१ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. १५ वर्षांहून अधिक काळ एकाच फॅमिली डॉक्टरांकडे असलेल्यांमध्ये, वर्षभराच्याच ओळखीच्या पेशंटांच्या तुलनेत, मृत्यूची शक्यता सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळली. मग जुनाट दुखण्याच्या पेशंटांना एक ठरावीक डॉक्टर नेमून द्यायचं ठरलं.

विलीनीकरण झालं. सगळं मनासारखं झालं असं नाही. आमची छोटी इमारत आता आठवड्यातून दोनच दिवस उघडते. मोठे डॉक्टर निवृत्त झाले. पण त्या दोन दिवशी काउंटरवर ती मुलगी असते, आणि बा आपल्या आपण जाऊन येतात.

आणि एक गोष्ट आम्ही विचारायलाच विसरलो. ती माझ्याच घरात उघडी पडली.

आमच्या ह्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. रक्त गोठू नये म्हणून त्यांना रोज वॉरफरिनची गोळी लागते. तिची पिवळी वही असते, तपासणीचा आकडा आणि गोळीचा डोस त्यात लिहितात. दोन दवाखान्यांच्या संगणकांतली माहिती एकत्र करताना ह्यांच्या नेहमीच्या औषधांच्या यादीतून ती गोळी गळाली. रविवारी रात्री मी डबा उघडला तर दोनच दिवसांच्या गोळ्या उरलेल्या, आणि नवीन चिठ्ठी आलेली नाही. सोमवारी सकाळी पिवळी वही घेऊन मी काउंटरवर उभी राहिले. दुपारपर्यंत गोळ्या मिळाल्या. देवाची कृपा.

पण त्या रात्री मला झोप लागली नाही. वाटलं, ज्यांच्या घरी डबा तपासणारं कुणी नाही, त्यांचं काय? आम्ही बसचं विचारलं, फोनचं विचारलं, औषधांच्या यादीचं विचारलं नाही. पुढच्या बैठकीत मी हे सांगितलं, कुणावर दोष न टाकता. दवाखान्याच्या फार्मासिस्टने अशा औषधांवर असलेल्या पेशंटांना एकेक करून फोन केले. हेच काम आधी व्हायला हवं होतं. आधी झालं नाही, याला आमचा गटही जबाबदार होता.

आता आपल्याकडे येते. हे सगळं साहेबांच्या देशातलं, आपल्या डोंगरात कसं चालेल, असं कुणी म्हणेल. तर आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण घ्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' संस्थेचं रुग्णालय उभारताना आदिवासींना विचारलं, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? लोकांनी सांगितलं, की मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो, पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, आणि पेशंटजवळ घरच्यांना राहू देत नाहीत. म्हणून तिथे आदिवासी गावासारखा, झोपड्यांचा दवाखाना उभा राहिला आणि लोकांच्या श्रद्धेप्रमाणे त्याला दंतेश्वरी देवीचं नाव दिलं गेलं. त्या लोकांनी फॉर्म भरले नव्हते. त्यांना विचारणारं कुणीतरी त्यांच्यापर्यंत गेलं होतं.

म्हणून कार्यकारिणीला माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, निर्णय होण्याआधी विचारा. ठरल्यावर बोलावलेली सभा म्हणजे निरोप असतो, विचारणं नव्हे. दुसरी, विचारायला तुम्ही जा. बाजाराच्या दिवशी जा, पाड्यावर जा, पावरी-भिलोरी बोलणारी बाई बरोबर न्या. जो माणूस दवाखान्यात कधी आलाच नाही, त्याला सर्वांत आधी विचारा. पावसाळ्यात ओढा आला की कुठली वाट बंद होते, हे नकाशावर नसतं, त्याला ते पाठ असतं. आणि तिसरी, माझ्या स्वतःच्या अनुभवातली. टीबीचा किंवा सिकलसेलचा पेशंट असेल, त्याचं कार्ड आणि त्याची गोळी एका दवाखान्यातून दुसऱ्यात गेली का, हे नावानिशी तपासा. त्यासाठी एक माणूस नेमा.

तुम्ही हितचिंतक दर वर्षी कष्टाचा पैसा देता. इमारतीला द्या, गाडीला द्या, पण यंदा थोडा या विचारण्यासाठीही द्या. दोन महिने लागतील, फार पैसा लागणार नाही.

यरीहोच्या वाटेवरचा आंधळा बार्तीमय आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तो ओरडत होता आणि लोक त्याला गप्प बसवत होते. त्याला काय हवं हे समोर दिसतच होतं. तरी प्रभू थांबला, त्याला जवळ बोलावलं आणि बरं करण्याआधी त्याला विचारलं. आपल्या दोन दवाखान्यांच्या बाबतीत आपणही तेवढं करावं, एवढंच मला सांगायचं होतं.