दुसरा खर्डा



 प्राथमिक शाळांत मराठी शिकवणाऱ्यांच्या संमेलनाच्या अध्यक्षपदावरून भाषेच्या भवितव्यावर बोलण्याची प्रथा आहे. मी मात्र तिसरी-चौथीच्या वर्गात निबंधाच्या तासाला काय घडते, एवढ्यावरच बोलणार आहे.

तो तास आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. फळ्यावर ‘पावसाळ्यातील एक दिवस’ किंवा ‘मी पक्षी झालो तर’ असा विषय येतो, थोडी तोंडी चर्चा होते, मुद्दे लिहून दिले जातात आणि मुले ते वाक्यांत बसवतात, नाहीतर गाइडमधून उतरवतात. वह्या गोळा होतात. चार-आठ दिवसांनी लाल खुणा, एक शेरा आणि सही घेऊन त्या परततात, तोवर फळ्यावर पुढचा विषय आलेला असतो. यात शिक्षकाचे कष्ट थोडे नाहीत; वर्गभराच्या वह्या तपासणे म्हणजे काय, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण हे सारे कष्ट लेखन संपल्यावर खर्ची पडतात. मुलाचे वाक्य अडते, पुढे काय लिहावे ते सुचत नाही, त्या वेळी त्याच्यापाशी कोणी नसते. शेरा हाती येतो तेव्हा तो मजकूर त्याच्या मनातून उतरलेला असतो. आपण लेखन सांगतो आणि तपासतो. या दोहोंच्या मध्ये जे शिकवायला हवे, त्याला आपल्या वेळापत्रकात जागाच उरलेली नाही. लेखन-कार्यशाळेची पद्धत मला मोलाची वाटते ती नेमकी याच जागेसाठी.

पद्धत सांगायला सोपी आहे. आठवड्यातून तीन-चार दिवस लेखनाची वेळ ठरलेली असते. आरंभी दहा मिनिटे शिक्षक एकच गोष्ट शिकवतो: सुरुवात कशी करावी, बोलणे कसे लिहावे, एका प्रसंगावर कसे थांबावे. मग अर्धा तास मुले स्वतः निवडलेल्या विषयावर लिहितात आणि शिक्षक एकेका मुलाजवळ जाऊन बसतो. शेवटी दोघे-तिघे आपले लेखन वाचून दाखवतात, बाकीचे प्रश्न विचारतात. दुसऱ्या दिवशी तोच मजकूर पुढे चालू होतो. खर्डा बदलतो, पुन्हा बदलतो, आणि पक्की प्रत भिंतीवर किंवा शाळेच्या हस्तलिखितात जाते. समजा, एखाद्या मुलीने लिहिले, ‘आम्ही जत्रेला गेलो. खूप मजा आली. घरी आलो.’ तपासणाऱ्याला यात चूक सापडत नाही. तो ‘छान’ लिहून पान उलटतो. शेजारी बसलेला शिक्षक विचारतो, ‘जत्रेत तू सगळ्यात जास्त वेळ कुठे थांबलीस?’ ती पाळण्याबद्दल सांगू लागते, रडणाऱ्या धाकट्या भावाबद्दल सांगते, आणि शिक्षक म्हणतो, ‘हे तर तू लिहिलेच नाहीस.’ आपण जे सांगू शकतो ते लिहिताही येते, हे तिला त्या क्षणी कळते. माझ्या मते प्राथमिक वर्गातील लेखनाध्यापनाचा गाभा हाच आहे.

ही कल्पना कुठल्या एका देशाची मक्तेदारी नाही. फ्रान्समधील खेड्यातले शिक्षक सेलेस्टँ फ्रेने यांनी 1920च्या दशकात वर्गात छोटे छापयंत्र आणले. मुलांचे मजकूर वर्गात चर्चिले जात, मुलेच खिळे जुळवत आणि छापलेली पाने दूरच्या शाळेतील मुलांना पाठवत. इटलीत बार्बियाना या डोंगरी वस्तीतल्या शाळेत नापास ठरवलेल्या शेतकरी मुलांनी शिक्षिकेला उद्देशून एक अख्खे पुस्तक लिहिले, ते 1967 साली प्रसिद्ध झाले. एका चिठ्ठीवर एक विचार लिहायचा, चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावायचे, अनावश्यक शब्द गाळायचे, ही त्यांची रीत त्याच पुस्तकात नोंदलेली आहे. अमेरिकेत डोनाल्ड ग्रेव्हज यांनी 1978 पासून दोन वर्षे न्यू हॅम्पशायरमधील ॲटकिन्सन गावच्या प्राथमिक शाळेत मुले लिहीत असताना त्यांचे निरीक्षण केले. विषय निवडण्याची मुभा आणि नियमित वेळ मिळाली, तर सहा-सात वर्षांची मुलेही आपले लेखन सुधारू लागतात, असे त्यांना दिसले. आज ज्याला लेखन-कार्यशाळा म्हणतात, तिची मांडणी मुख्यतः या कामातून झाली.

यावर आपल्याकडे पहिला आक्षेप येतो तो शुद्धलेखनाचा: मुलांना मोकळे सोडले तर ऱ्हस्व-दीर्घाचे काय होणार? ग्रेव्हज यांच्या सहकारी लूसी कॅल्किन्स यांनी तिसरीच्या दोन वर्गांची तुलना केली होती. एका वर्गात विरामचिन्हांचे पाठ व सराव होता. दुसऱ्यात मुले फक्त लिहीत आणि गरज पडेल तेव्हा चिन्ह शिकत. लिहिणाऱ्या वर्गातील मुले सरासरी आठांहून अधिक चिन्हांचा उपयोग सांगू शकली, सराव करणाऱ्या वर्गातील मुले चारांहून कमी. ही एकाच शाळेतली लहानशी तुलना आहे, तिच्यावर फार मोठा इमला चढवू नये. पण वाचणारा समोर असला की नियमाची गरज मुलाला स्वतःलाच भासते, एवढे तिच्यातून दिसते. साहित्य महामंडळाचे 1962चे चौदा आणि 1972चे चार, असे अठरा नियम शिकवायचेच आहेत. प्रश्न फक्त क्रमाचा आहे. कच्च्या खर्ड्यावर लाल शाई फिरली की मूल स्वतःला जे शब्द बिनचूक लिहिता येतात तेवढ्यांतच बोलू लागते; पक्क्या प्रतीच्या वेळी तोच नियम ते मनापासून ऐकते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लिसा डेल्पिट यांनी 1986 साली अमेरिकेतील कृष्णवर्णीय मुलांच्या बाजूने तो मांडला. प्रमाणभाषा ज्यांच्या घरात आहे, त्यांना मोकळीक मानवते. ज्यांच्या घरात ती नाही, त्यांना शाळेने तिचे नियम उघडपणे शिकवले नाहीत तर त्यांचे नुकसान होते. अहिराणी, कोरकू किंवा पावरी बोलणाऱ्या मुलांच्या वर्गात शिकवणाऱ्यांनी हे फार लक्षपूर्वक ऐकले पाहिजे. मला हा आक्षेप पूर्ण मान्य आहे. प्राथमिक वर्गांतील लेखनाच्या प्रयोगांचा स्टीव्ह ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी 2012 साली जो एकत्रित आढावा घेतला, तोही याच दिशेला जातो. प्रक्रियेवर भर देणाऱ्या पद्धतींचा लाभ होतो, पण तो मध्यम; आखणी कशी करावी, फेरलेखन कसे करावे, हे टप्प्याटप्प्याने शिकवले तर लाभ कितीतरी अधिक. म्हणून आरंभीची ती दहा मिनिटे औपचारिकता म्हणून उरकता येणार नाहीत. पहिला खर्डा मुलाने घरच्या बोलीत लिहावा, त्यावर कुणी नाक मुरडू नये. आणि पक्की प्रत प्रमाण मराठीत करताना कुठे काय बदलते ते शिक्षकाने स्पष्ट शिकवावे. नुसती कोरी जागा मुलाला लिहायला शिकवत नाही. 2023-24 पासून आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘माझी नोंद’ या शीर्षकाची कोरी पाने आली आणि 2025 साली ती योजना मागे घेतली गेली. पाने होती, त्यांवर काय आणि कसे लिहावे हे शिकवण्याची व्यवस्था नव्हती.

तिसरा आक्षेप संख्येचा. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात, म्हणजे एकेका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता. पण पाठ्यपुस्तक शिकवताना जी बहुवर्ग अध्यापनाची अडचण असते, ती इथे बरीच हलकी होते, कारण प्रत्येक मूल आपल्याच मजकुरावर काम करत असते आणि दुसरीचे व चौथीचे मूल शेजारी बसून लिहू शकते. तीस मुलांपैकी रोज पाच जणांशी बोलले, तर आठवड्यातले चार दिवस धरून दीड आठवड्यात प्रत्येकाची पाळी येते. गठ्ठ्याने वह्या तपासण्यापेक्षा हे जास्त काम नाही. ते काम फक्त वर्गाच्या वेळेत येते.

अमेरिकेत कॅल्किन्स यांच्या वाचन-लेखन प्रकल्पावर वादळ उठले आणि कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजने 2023 साली तो प्रकल्प गुंडाळण्याचे ठरवले, हेही काही जण पुढे करतील. तो वाद मुख्यतः वाचन शिकवण्याच्या पद्धतीचा होता, आणि अक्षर-ध्वनीच्या पद्धतशीर अध्यापनाला पर्याय नाही, असे मीही मानतो.

अडचण उरते ती आपली, शिक्षकांची. जेम्स ग्रे यांनी 1974 साली बर्कलीत शिक्षकांसाठी लेखनप्रकल्प सुरू केला, तेव्हा लेखन शिकवणाऱ्याने स्वतः लिहिले पाहिजे, या तत्त्वावर तो उभा केला. आपल्याकडे दरमहा केंद्रस्तरावर शिक्षण परिषद भरते. तिच्यातला एक तास आपण या कामासाठी मागून घ्यावा. प्रत्येकाने आपल्या वर्गातील एका मुलाचा पहिला आणि दुसरा खर्डा आणावा, मधल्या काळात आपण त्याला काय विचारले ते सांगावे आणि त्याच तासात स्वतःही एक पान लिहून वाचावे. असा ठराव या संमेलनात मांडला जावा, आणि केंद्रप्रमुखांनी येत्या जूनपासूनच तो अमलात आणावा, अशी माझी मागणी आहे.