प्रदेशाविषयीची आपुलकी कशी मोजावी?



माणसाला आपल्या गावाविषयी व प्रदेशाविषयी वाटणारी आपुलकी मोजता येईल काय, हा आजचा विषय आहे. तो केवळ विद्वानांचा नव्हे. शाळा, ग्रंथालये, पुनर्वसन यांसंबंधी निर्णय घेताना शासनालाही या प्रश्नाचा विचार करावा लागतो.

बडोद्याचेच उदाहरण घेऊ. अठराव्या शतकात गायकवाडांच्या राज्याबरोबर अनेक मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथे १८६३ साली जन्मलेले सयाजीराव महाराज १८७५ मध्ये येथे दत्तक आले आणि १९०६ साली त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १ मे १९६० रोजी त्या राज्याचे विभाजन होऊन बडोदे गुजरात राज्यात आले. घर न बदलता येथील कुटुंबांनी अकरा वर्षांत तीन राज्ये पाहिली. मराठी साहित्य संमेलन मात्र येथे १९०९, १९२१, १९३४ आणि पुन्हा २०१८ साली भरले.

अशा कुटुंबाची आपुलकी कोणत्या प्रदेशाशी आहे? जनगणनेत जन्मस्थान, मातृभाषा, पूर्वीचे वास्तव्य आणि स्थलांतराचे कारण विचारले जाते. ही माहिती मोलाची खरी. परंतु मातृभाषा मराठी म्हणून मन महाराष्ट्रातच, असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. जन्म गुजरातेत झाला म्हणून मराठीची गरज उरली नाही, हे अनुमानही तितकेच चुकीचे.

आपल्या घरातील अनुभव येथे उपयोगी पडतो. सासरी नांदणाऱ्या स्त्रीचे माहेर तुटत नाही, आणि माहेरच्या ओढीने तिचे सासर परके होत नाही. दोहोंपैकी एक निवडा, असे तिला विचारले तर मिळणारे उत्तर खरे नसते.

म्हणून प्रश्नच वेगळ्या रीतीने विचारावयास हवा. लुइस मोरेनो या समाजशास्त्रज्ञाने १९८६ साली स्कॉटलंडमध्ये लोकांना पाच पर्याय दिले: केवळ स्कॉटिश, ब्रिटिशपेक्षा अधिक स्कॉटिश, दोन्ही सारखेच, स्कॉटिशपेक्षा अधिक ब्रिटिश, केवळ ब्रिटिश. असाच प्रश्न येथेही विचारता येईल. शिवाय अभ्यासक दोन गोष्टी निराळ्या मोजतात. हे स्थान माझ्या निर्वाहाच्या गरजा भागविते काय, ही एक. आणि हे स्थान माझ्या ओळखीचा भाग आहे काय, ही दुसरी. पहिलीचे उत्तर 'होय' आणि दुसरीचे 'नाही' असे असू शकते.

हा भेद पुनर्वसनात प्रकर्षाने जाणवतो. सरदार सरोवरामुळे विस्थापित झालेल्या अक्कलकुवा व अक्राणी भागांतील काही आदिवासी कुटुंबांना गुजरातेत जमिनी देण्यात आल्या. पंचवीस टक्क्यांहून अधिक जमीन गमावणाऱ्या कुटुंबास निदान दोन हेक्टर ओलिताची जमीन मिळावी, असे नर्मदा पाणी तंटा लवादाने १९७९ मध्ये ठरविले होते. जमिनीने निर्वाहाचा प्रश्न सुटू शकेल. परंतु नदी, देवस्थाने आणि सोयरिकीची गावे यांच्याशी असलेले नाते हेक्टरांच्या हिशेबात बसत नाही.

पाहणी करणाऱ्यांनी काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. प्रश्न उत्तर देणाऱ्याच्या बोलीत विचारावेत. कुटुंबप्रमुखावर न थांबता स्त्रिया, वृद्ध व तरुण यांना स्वतंत्रपणे विचारावे. अधिकारी समोर असता लोक त्यांना रुचेल तेच सांगतात, हेही ध्यानात ठेवावे. मनोगताबरोबर कृतीही नोंदवावी: सण कोठे साजरा होतो, मुले कोणत्या भाषेत पत्र लिहितात, सोयरीक कोठे जुळते. शिक्षकांना हे काम उत्तम साधेल.

आकड्यांनी आपुलकी निर्माण होत नाही. परंतु निर्णय घेणाऱ्यांच्या नजरेतून ती सुटणार नाही, एवढे कार्य योग्य मोजणी निश्चित करील. आपण सर्वांनी या कामी सहकार्य करावे, अशी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.