न दुखणारं दुखणं



आज या सभागृहात डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, फिजिओथेरपी शिकलेले आहेत, समाजकार्याची पदवी घेणारेही आहेत. थोड्याच दिवसांत तुमच्यातले बरेच जण एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होतील. माझं सगळं कामाचं आयुष्य विदर्भात कुष्ठरोगाच्या कामात गेलं, म्हणून मी त्याच आजाराबद्दल बोलणार आहे. पदवीदानाच्या एवढ्या मंगल प्रसंगी हा कसला विषय, असं क्षणभर कुणाच्या मनात आलं असेल, तर ते कबूल करायला संकोचू नका. मनात उमटलेल्या त्या एका क्षणाबद्दलच मला बोलायचं आहे.

वैद्यकाच्या पहिल्या वर्षापासून तुम्हाला एकच धडा दिला गेला आहे: लक्षणावर थांबू नका, मुळाशी जा. कुष्ठरोगात हा धडा सर्वांत आधी गिरवणाऱ्यांपैकी एक होता नॉर्वेतल्या बर्गन शहरातला तरुण डॉक्टर, गेरहार्ड आर्माउअर हॅन्सन. त्या काळी तिथले जाणकार हा आजार आनुवंशिक मानत. त्या मताचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते होते डॅनिएल्सन, जे हॅन्सनचे वरिष्ठ होते आणि सासरेही. त्यांच्या मताविरुद्ध जाऊन हॅन्सनने १८७३ साली रुग्णांच्या गाठींमध्ये जंतू पाहिले. क्षयाचा जंतू कॉखने दाखवला तो त्यानंतर नऊ वर्षांनी, १८८२ मध्ये. माणसाच्या एका जुन्या, भयंकर मानलेल्या रोगाचं मूळ पाप, शाप किंवा रक्तात नसून एका काडीसारख्या सूक्ष्म जिवात आहे, असं म्हणण्याचं धैर्य त्या माणसाने दाखवलं. त्या धैर्यापुढे मी आजही नतमस्तक होतो.

पण पुढची गोष्ट पाठ्यपुस्तकात सहसा नसते. हा जंतू प्रयोगशाळेत वाढेना. कृत्रिम माध्यमावर तो आजही वाढत नाही. सिद्धांत पक्का करायला हॅन्सन अधीर झाला होता. १८७९ मध्ये त्याने आपल्याच रुग्णालयातल्या एका बाईच्या डोळ्यात, तिला न विचारता, दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला अंश टोचला. तिने तक्रार केली, खटला उभा राहिला आणि १८८० मध्ये न्यायालयाने त्याला रुग्णालयातल्या पदावरून दूर केलं. कुष्ठरोगाचा मुख्य वैद्यकीय अधिकारी म्हणून तो पुढेही राहिला. १८७७ आणि १८८५ साली रुग्णांना अलग ठेवण्याचे कायदे नॉर्वेत झाले, त्यांमागेही तोच होता.

हॅन्सन दुष्ट नव्हता. बुद्धिमान होता, कष्टाळू होता आणि हा रोग जगातून जावा ही त्याची खरी तळमळ होती. तरी समोर बसलेली बाई त्याला त्या घटकेला जंतू वाढवण्याची जमीन वाटली. मुळाशी जाणारी त्याची दृष्टी सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेपर्यंत पोहोचली आणि तिथेच थांबली. स्वतःच्या घाईचं मूळ त्याने शोधलं नाही. आज आपण ज्याला रुग्णाची संमती म्हणतो, तिच्या इतिहासात या खटल्याचं नाव घेतलं जातं. तुमच्यातले जे संशोधनाकडे जाणार आहेत, त्यांनी हॅन्सनचे हे दोन्ही दिवस लक्षात ठेवावेत, जंतू दिसला तो आणि न्यायालयात उभा राहिला तो.

आता आपल्या मुलखात येऊ. हिंगणघाटला १९१४ साली जन्मलेले मुरलीधर देविदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे, वरोऱ्याला वकिली करत. नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांचे हाल कळावेत म्हणून मैल्याची पाटी स्वतःच्या डोक्यावर घेणारे हे गृहस्थ. गोऱ्या सोजिरांच्या तावडीतून स्त्रियांना सोडवलं म्हणून गांधीजींनी त्यांना ‘अभयसाधक’ म्हटलं होतं. भीती नावाची गोष्ट आपल्याला ठाऊक नाही, असं त्यांनाही वाटत असावं. एका पावसाळी संध्याकाळी रस्त्याच्या कडेला त्यांना तुळशीराम दिसला. हातापायांची बोटं झडलेली, जखमांत किडे पडलेले, जीव अजून होता. बाबा तिथून पळाले.

त्यांच्या चरित्रातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट या पळण्यानंतर सुरू होते. ‘मी पळालो नाही’ असं त्यांनी स्वतःला समजावलं नाही. संसर्गाची काळजी, घरी बायको-मूल, वकिलीची जबाबदारी, हाताशी कारणं पुष्कळ होती आणि एकही खोटं नव्हतं. तरी त्यांनी त्या क्षणाला भीती हेच नाव दिलं. आणि ती घालवायला ते हिमालयात गेले नाहीत, परत तुळशीरामकडे गेले. त्याच्यावर आडोसा केला, जखमा धुतल्या, भरवलं. तुळशीराम वाचला नाही, पण तो एकटा मेला नाही.

त्यानंतर बाबा शिकायला निघाले. वर्ध्याजवळ दत्तपूरला विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण १९३६ पासून कुष्ठधाम चालवत होते. आज त्यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे याची मला खंत वाटते. तिथलं काम बाबांनी पाहिलं आणि १९४९ मध्ये कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत जाऊन रीतसर शिक्षण घेतलं. तिथेही अडचण हॅन्सनचीच होती, जंतू वाढत नव्हता. प्रयोगासाठी बाबांनी स्वतःचं शरीर पुढे केलं आणि जंतू टोचून घेतले. रोग झाला नाही. तुम्ही असं काही करावं असं मी मुळीच म्हणणार नाही. एका माणसावरचा असा प्रयोग शास्त्र म्हणूनही तोकडाच. पण १८७९ चं बर्गन आणि हे कलकत्ता शेजारी ठेवून पाहा. प्रश्न तोच, जंतू तोच. सुईची दिशा फक्त बदलली, आणि ती बदलली त्याचं कारण आधी वरोऱ्याच्या त्या पावसात घडलं होतं.

मधल्या काळात सेवाग्रामलाही असंच काही घडलं होतं. संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री कुष्ठरोगी म्हणून आश्रमाच्या दारी आले. आश्रमात इतरही माणसं राहत होती, त्यांचं काय, हा विचार गांधीजींना पडलाच. मग त्यांनी शास्त्रीजींना आपल्या कुटीजवळच झोपडी दिली आणि त्यांच्या अंगाला मालिश करायला ते स्वतः जाऊ लागले.

एव्हाना तुमच्या मनात एक शंका आली असेल, आणि ती रास्त आहे. सेवाभाव, निर्भयता वगैरे ठीक, पण रोग तर औषधाने गेला ना? होय, औषधाने गेला. डॅप्सोन आलं, आणि १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेने रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन एकत्र देण्याची शिफारस केली. आता कमी जंतूंच्या प्रकाराला सहा महिने, जास्त जंतूंच्या प्रकाराला बारा महिने, एवढ्यात माणूस बरा होतो. ज्या काळी आयुष्यभर गोळ्या घेऊनही खात्री नसायची तो काळ आठवला की ही ब्लिस्टर पाकिटं हातात घेताना मला आजही कृतज्ञता वाटते. अंतःकरण शुद्ध केलं की जंतू मरतात, असं सांगायला मी आलेलो नाही.

पण औषध जिथे पोहोचत नाही ती जागा बघा. १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड नावाचे शल्यचिकित्सक आले. जन्म तमिळनाडूच्या कोल्ली टेकड्यांतला आणि १९१४ चाच, म्हणजे बाबांच्याच वयाचे. कुष्ठरोगात मांस सडतं आणि बोटं गळून पडतात, अशी तेव्हा डॉक्टरांचीही समजूत होती. ब्रँडना ते पटेना. त्यांनी एकेका रुग्णाची एकेक जखम कशी झाली हे खोदून विचारायला सुरुवात केली. गंजलेलं कुलूप उघडताना किल्ली हाताच्या हाडापर्यंत रुतलेली, चुलीतला जळता पदार्थ उघड्या हाताने उचललेला, चपलेत खिळा घेऊन दिवसभर चाललेला. काहींची बोटं तर रात्रीतून नाहीशी व्हायची. पाळत ठेवल्यावर दिसलं की झोपेत उंदीर कुरतडून जात होते आणि माणसाला जाग येत नव्हती. मांस सडत नव्हतं. जंतूने नसा मारल्या होत्या, वेदना थांबली होती, आणि वेदना नसलेला हात स्वतःला राखू शकत नव्हता. एवढं कळल्यावर उपायांची वाटच बदलली. वाकड्या बोटांसाठी स्नायूबंधांच्या शस्त्रक्रिया आल्या, तळपायांसाठी मऊ रबराच्या एमसीआर चपला आल्या, रोज संध्याकाळी स्वतःचे हातपाय डोळ्यांनी तपासण्याची शिकवण आली. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांनो, तुमच्या कामाचा एक मोठा धागा त्या वॉर्डातून निघाला आहे.

या आजाराची खरी अडचण हीच आहे. चट्टा खाजत नाही, दुखत नाही, म्हणून माणूस येत नाही. येतो तेव्हा हाताचा पंजा वाकलेला असतो. आणि जे त्या चट्ट्याचं, तेच आपल्या मनातल्या भीतीचं. माझ्या मनात कुष्ठरोग्याबद्दल किळस आहे हे मला दुखत नाही. ती माझी मलाच दिसत नाही, आणि म्हणूनच ती कायद्यात उतरते, सोयरिकीत उतरते, दवाखान्यातल्या बाकांच्या मांडणीत उतरते.

कायद्याचंच बघा. रुग्णांना धरून वेगळं डांबण्याची मुभा देणारा ब्रिटिशांचा कायदा १८९८ चा. पूर्ण बरं करणारा उपचार आला १९८२ मध्ये. राष्ट्रीय पातळीवर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, हे उद्दिष्ट देशाने गाठलं २००५ च्या अखेरीस. तो कायदा पुस्तकातून गेला २०१६ मध्ये. जोडीदाराला कुष्ठरोग आहे हे घटस्फोटाचं कारण होऊ शकत होतं, ती तरतूद वेगवेगळ्या पाच कायद्यांतून काढली गेली ती २०१९ मध्ये. जंतू मारायची रीत सापडल्यावर भीती कागदावरून पुसायला आपल्याला आणखी ३७ वर्षं लागली. यात कुणा एका सरकारचा दोष मी काढत नाही. संसदेत बसलेली माणसं आपल्यातूनच गेलेली असतात.

बाबांनी उभारलेल्या आनंदवन या वसाहतीबद्दलही एक गोष्ट स्पष्ट बोलतो, कारण मी त्या कामावर प्रेम करतो. १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते ते सुरू झालं आणि तिथल्या ओसाड माळरानावर रुग्णांनी स्वतःच्या हातांनी विहिरी खणल्या, शेती उभी केली. सुरुवातीला त्यांचं दूध-भाजी गावात कुणी घेईना. मग परदेशी तरुण स्वयंसेवक तिथे येऊन राहिले, रुग्णांबरोबर जेवले, इमारती बांधू लागले. ते पाहून वरोऱ्याची माणसंही येऊ लागली. १९६४ मध्ये तिथे महाविद्यालय निघालं आणि निरोगी घरांतली मुलं कुष्ठरोग्यांनी वसवलेल्या गावात शिकायला आली. हे थोर काम आहे. पण अशा वसाहतीची गरज का पडली? गावाने आपली माणसं परत घेतली नाहीत म्हणून. बऱ्या झालेल्या माणसाला वेगळं गाव वसवावं लागलं, हा ज्यांनी त्याला बाहेर काढलं त्यांचा पराभव होता, आणि तो अजून पुरता धुऊन निघालेला नाही.

‘आधी स्वतःला बदला, मग जग बदला’ हे वाक्य आजकाल फार ऐकू येतं. मला ते मान्य नाही. त्यात ‘आधी’ आणि ‘मग’ अशी जी फाळणी आहे, ती आळसाला सोयीची आहे. स्वतःला बदलण्याचं काम कधीच पुरं होत नाही आणि जग तोवर तिष्ठत राहतं. ‘व्यवस्था बदलली की माणसं आपोआप बदलतील’ हेही मला तितकंच अमान्य आहे. १९८२ नंतरच्या ३७ वर्षांनी त्याचं उत्तर दिलं आहे. मी जे पाहिलं ते असं, की प्रश्नाचं मूळ खोदत गेलं की एका टप्प्यावर ते आपल्याच अंगणात निघतं. तिथे खोदणारा थांबला तर त्याचा हॅन्सन होतो. तो आणखी खोदत राहिला, आणि हातातलं काम न सोडता खोदत राहिला, तर त्याच्या ज्ञानाला हात-पाय फुटतात. ध्यान, वाचन, एकांत यांना माझा विरोध नाही. मला त्यांची साथ लाभली आहे. पण माझ्या भीतीचा पत्ता मला प्रत्येक वेळी रुग्णाच्या शेजारी बसल्यावरच लागला.

आजची स्थिती सांगतो. जगात दर वर्षी सापडणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आपल्या देशात असतात, वर्षाला एक लाखाच्या आसपास. त्यांत लहान मुलंही आहेत; मूल सापडलं की समजावं, आसपास कुणीतरी मोठं माणूस उपचाराविना फिरतं आहे. बहुसंख्य माणसांना या जंतूविरुद्ध निसर्गतःच प्रतिकारशक्ती असते, उपचार सुरू झाल्यावर रुग्णापासून संसर्गाचा धोका लवकरच संपतो, औषध मोफत आहे. हे सगळं तुम्ही परीक्षेत लिहिलेलं आहे. तरी गावातली एखादी सून दंडावरचा चट्टा पदराखाली झाकून वर्षानुवर्षं काढते, कारण औषधाच्या पाकिटापेक्षा सासरची भीती मोठी असते. आणि ती धीर करून दवाखान्यात आलीच, तर पहिल्या मिनिटात औषध बघत नाही, तुमचा चेहरा बघते.

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे. तुमच्या पहिल्या नेमणुकीच्या गावात असं कुणी आलं, तर त्यांना दाराबाहेर थांबवू नका, समोरच्या खुर्चीत बसवा. त्यांचा हात आपल्या हातात घेऊन कोपरामागची नस बोटांनी चाचपा. तो हात घेताना क्षणभर अडखळलात, तर ते स्वतःशी मान्य करा आणि तरीही हात घ्या. सूनबाई एकटीच आली असेल तर पुढच्या खेपेला नवऱ्याला आणि सासूलाही बोलवा, तिच्यासमोर त्यांना हा आजार समजावून सांगा, आणि घरातल्या प्रत्येकाची तपासणी करा.